तोकुजीनं ठेवायला दिलेलं

तोकुजीचं नाक तेरा वेळा मोडलं होतं. मी लोकांना सतरा सांगायचो. चार माझ्या पदरचे. भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये कोणालाही विचारा, कवडू खलाशी दर गोष्टीत पावशेर स्वतःचं घालतो, हे तो सांगेलच. आणि ते काही खोटं नाही. प्लँटची पहिली भट्टी पेटली तेव्हा तिच्या उजेडानं दुर्गच्या कोंबड्या तीन दिवस झोपल्या नाहीत आणि चौथ्या दिवशी त्यांनी अंडी दिली ती उकडलेलीच, हे मीच पसरवलं. पण आता सांगतो त्यात पावशेर काय, चिमूटही नाही. घालायची ती एकदाच घातली होती. तिचंच हे सांगणं.

अठ्ठावन्न साल. आम्ही मोहाडीकडचे, भंडारा जिल्ह्यातले. धान कापून झालं की हाताला काम नाही, म्हणून भिलाईला आलो. टिनाच्या शेडी, लाल मुरूम, दिवसातून तीनदा भोंगा. मी एका ठेकेदाराकडे खलाशी होतो; म्हणजे अवजड यंत्रं साखळ्यांनी उचलून जागेवर बसवणाऱ्या टोळीत. रोज सकाळी ट्रकमध्ये उभं राहून नंदिनीच्या खाणीवर जायचं. तिथे चुन्याचा दगड फोडायचं एक जपानी यंत्र बसत होतं. ते कलकत्त्याहून पेटाऱ्यांत आलं, आणि पेटाऱ्यांसंगं एक जपानी फिटरही आला.

पहिल्या दिवशी हजेरीवाल्या भैयालालनं त्याला नाव विचारलं.

"तोकुजी."

भैयालाल चिडला. "अरे, अपने नाम को खुद ही जी लगाता है? हम लगाएँगे न! नाम बता."

"तोकुजी."

"लाट साहब आया है," म्हणत भैयालालनं 'तोकु' एवढंच लिहिलं. तीन दिवस हे भांडण चाललं. मग कलकत्त्याहून कागद आला, तेव्हा कळलं की जी आईबापांनीच लावून दिला होता. मी सगळ्यांना म्हटलं, "बेस झालं. याले आदर द्याची मेहनतच नाई."

पन्नाशीचा माणूस. उंची माझ्या खांद्याएवढी. कान पानकोबीसारखे चुरगळलेले, आणि नाक म्हणजे कोणी ओल्या मातीचं करून वर पाय दिलेला. बोली कलकत्त्याच्या गोदीतली हिंदी. पुढे माझ्या बायकोच्या, रुक्माच्या, तोंडची मराठी त्यात मिसळली. त्याची शेड आमच्या शेडीला लागून होती. एकटाच. संध्याकाळी दारात बसून नट आवळायचे सगळे पाने पुसायचा आणि मापाप्रमाणे ओळीनं मांडायचा.

तो कोण आहे हे आम्हाला पाण्याच्या टँकरवर कळलं. एका सकाळी ट्रकच्या एका दांडग्या ड्रायव्हरनं रुक्माची घागर लाथेनं बाजूला सारली. दुर्गच्या आखाड्यातला पहिलवान गडी. मी पुढे झालो, आणि खरं सांगतो, त्याचा दंड पाहून तितकाच मागं झालो. तोकुजी रांगेतून आला, घागर उचलून जागेवर ठेवली. पहिलवानानं त्याच्यावर हात चालवला. हात हवेत गेला. दुसरा चालवला, तोही हवेत. तोकुजी जागचा हलतच नव्हता. नुसतं डोकं या खांद्यावरून त्या खांद्यावर. अकरा ठोसे मोजले मी. बाहेर एकवीस सांगतो, पण अकराच. बाराव्याला पहिलवान स्वतःच्या जोरानं चिखलात बसला आणि धापा टाकत म्हणाला, "ए बाबा, एक तो खा ले!"

रांग हसून हसून वाकली. मी तोकुजीला विचारलं, "कावून नाई मारलं बे एक? मस्त संधी होती."

त्यानं आपले हात पाहिले. "हे हात बंद हाय," म्हणाला.

त्या दिवसापासून रुक्मा त्याच्यासाठी भाकर थापू लागली, आणि तो आमच्या दारात बसून आपली जिंदगी सांगू लागला. एकदम नाही. लाखोरीच्या डाळीसंगं थोडी थोडी.

जपानच्या दक्षिणेला कोळशाच्या खाणी आहेत, तिथला तो. आई खाणीत कोळशाची गाडी ओढायची, पोटाला पट्टा बांधून. सोळाव्या वर्षी हा पळून तोक्योला गेला. तिथे अमेरिकेहून परतलेल्या एकानं बॉक्सिंगची तालीम काढली होती. तालीम कसली, टिनाचं छप्पर. हातमोज्यांची एक जोडी आणि पोरं नऊ. तेव्हा जपानात बॉक्सिंग म्हणजे काय, कोणालाच ठाऊक नव्हतं. हे जत्रेतल्या तंबूत लढायचे. आधी अस्वलाचा नाच, मग हे, मग तलवारीचा खेळ. बघणाऱ्यांना कुस्तीची सवय. ते ओरडायचे, "अरे, पकडता कधी? पाडता कधी?" एकदा एक म्हातारी रिंगणाशी येऊन रडायला लागली, की या पोरांचं भांडण कोणीतरी सोडवा हो.

"मंग सोडवलं काय?" रुक्मानं विचारलं.

"नाही, बाई. तिले शेंगा देली, बसवली."

त्या नऊ पोरांत एक एइकिची. तोकुजीच्याच वजनाचा, त्याच्याच वयाचा. दोघं एका पांघरुणात झोपायचे. दोघांत बुटाची जोडी एकच. ज्याची लढत असेल त्यानं घालायची, दुसऱ्यानं अनवाणी कोपऱ्यात उभं राहून पाणी पाजायचं. भूकंप झाला, निम्मं तोक्यो जळालं, तेव्हा दोघं तीन दिवस नदीत गळ्यापर्यंत उभे राहिले, ते बूट डोक्यावर धरून. बाविसाव्या वर्षापर्यंत तोकुजीनं एकतीस लढती मारल्या. पेपरात नाव यायला लागलं. एइकिचीचंही.

मग ज्यांचं त्यात भलं होतं त्यांनी ठरवलं की या दोघांना एकमेकांपुढे उभं करू. गर्दी मावणार नाही. दोघं आधी हसले. पांघरुणातच ठरवलं, की लुटुपुटीचं लढून दहा राउंड काढू. पण रिंगणात उतरल्यावर, तोकुजी म्हणाला, अंगच ऐकत नाही. सहाव्या राउंडात एइकिचीचे डोळे काचेच्या गोटीसारखे झाले. हात खाली आले. तो उभा होता, पण आत नव्हता.

"मी पाहिलं," तोकुजी म्हणाला. "फक्त मी पाहिलं. पंच नाही, लोक नाही. मी धरू शकत होतो त्याले. असं, मिठी मारून. लोक ओरडते होते. मी अजून एक मारला."

एइकिची पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.

रुक्माची भाकर तव्यावर करपली. 

पुढचं त्यानं भराभर सांगितलं, जसं काही ते मोजायचंच नव्हतं. तो मनिलाला गेला. चौदा लढती लढला आणि एकाही लढतीत हात उचलून मारलं नाही. चुकवताही येत होतं, पण चुकवायचा नाही. उभा राहून खायचा. लोक तेच पाहायला यायचे. तेरा वेळा नाक मोडलं ते तिथे. चौदाव्या लढतीत मोडायला काही उरलं नव्हतं. मग जहाजावर फिटर, मग युद्ध, रंगूनला कैद, आणि सुटल्यावर कलकत्त्याची गोदी. देशी परत गेला नाही. एइकिचीच्या आईची गल्ली बाँबमध्ये जळाल्याचं त्याला रंगूनलाच कळलं होतं.

हे झालं ऐकलेलं. आता पाहिलेलं.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात तोकुजी विसरायला लागला. आधी पाने. मापाप्रमाणे मांडणारा माणूस, सतराच्या जागी चोवीस लावून बसला. मग शेड. दुसऱ्याच्या दारात जाऊन टिनावर टकटक करायचा. नंदिनीच्या कंपाउंडरनं त्याच्या डोळ्यात बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाला, जुना मार आहे, डोक्यातला. हे वाढत जाणार, कमी होणार नाही.

एका सुट्टीच्या दिवशी तो माझ्यापुढे येऊन मांडी घालून बसला, नीट, सासरी आलेल्या जावयासारखा. मला तो 'कवडूसान' म्हणायचा; सान म्हणजे त्यांच्यातला जी.

"कवडूसान. तू खोटा बोलते."

"कोन मनते?"

"सब मनते."

"सब मनते तं असंन."

"खोटा बोलणाऱ्याले याद ठेवावं लागते. तू विसरत नाही. माझा तू ठेव. मी येईन हर ऐतवार, तू मले सांग. जसा हाय तसा."

मी मस्करी करायला तोंड उघडलं होतं, पण तो पुढे म्हणाला, "बाकी गेला तं जाऊ दे. मनिला जाऊ दे. माझी माय पण गेली तं जाऊ दे. एइकिची नाही जाऊ द्याचा. माझ्या हातानं गेला, हे जगात कोण ठेवते? पंच मेला. त्याची माय मेली. फक्त मी. मी विसरलो तं तो मेलाच नाही, तो होताच नाही. जसा हाय तसा, कवडूसान. मीठ नाही, मिरची नाही."

मी रुक्माच्या गळ्याची शपथ घेतली. माझ्या गळ्याच्या शपथेवर त्याचा विश्वास बसला नसता.

आणि खरंच सांगतो, सहा महिने मी ती पाळली. दर रविवारी दुपारी मी त्याला त्याची जिंदगी सांगायचो. खाण, तालीम, अस्वल, शेंगा खाणारी म्हातारी. अस्वलापाशी माझी जीभ वळवळायची हो! त्या अस्वलाला दोन डाव शिकवावेत असं फार वाटायचं. पण नाही. सहावा राउंड आला की तोकुजी डोळे मिटून घ्यायचा आणि ओठ हलवत माझ्याबरोबर म्हणायचा, "अजून एक मारला." मग मान डोलवायचा. हो, बरोबर, आहे, अजून आहे. उठून रुक्माला वाकून नमस्कार करायचा आणि आपल्या शेडीत जायचा.

दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळीनंतर दंडार होते. नाच, गाणं आणि सोंग, सगळं एकत्र. गावी ती रात्रभर चालायची. कॅम्पात पाळ्या होत्या, म्हणून दुपारी, शेडींच्या मधल्या मैदानात. त्या साली आमच्या टोळीतला चंपत म्हणाला, "कवडूभाऊ, थो राजा आन थो राक्षस, पाहून पाहून डोये आले. नवीन काई काढ ना."

नवीन म्हणजे माझ्याकडे एकच होतं. मी तोकुजीला विचारलं. त्याला वाटलं होतं मी नाचायलाच बोलावतो. मग समजलं, की त्याचीच जिंदगी सोंगातून दाखवायची आहे.

"किती लोक येते?"

"पाचशे तं कुठंच नाई गेले."

"पाचशे ठेवतील," तो म्हणाला. "अच्छा हाय. एक तू मेला तं?"

आता दंडारीचा आमच्या गावचा एक कायदा सांगावा लागतो. सोंगातला मेलेला माणूस मातीवर पडून राहिला आणि लोक उठून घरी गेले, तर वर्षाच्या आत बघणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरून तिरडी निघते. म्हणून शेवटची ढोलकी वाजण्याआधी मेल्याला हळदीचं पाणी शिंपडून उठवायचंच. कोणीही असो. आमच्याकडे रावणसुद्धा उठून लोकांना रामराम करून घरी जायचा. हा कायदा माझ्या हाडात होता. श्वासासारखा. त्याबद्दल मी तोकुजीला काही सांगितलं नाही, कारण सांगायचं असतं हेच माझ्या ध्यानात आलं नाही.

दंडार रंगली. अशी रंगली की विचारू नका. मी तोकुजी झालो, चंपत एइकिची. हाताला गोणपाटाच्या चिंध्या गुंडाळल्या. अस्वल भैयालाल झाला, घोंगडी पांघरून, आणि त्याला मैदानातून काढायला दोघं लागले. तोकुजी पहिल्या ओळीत, धुतलेला शर्ट घालून, हात मांडीवर. सहावा राउंड आला. चंपतचे डोळे खरंच काचेचे झाले, पोरगा अशी कमाल करून गेला. मी मारला. चंपत पडला.  बाया पदर तोंडाला लावून बसल्या.

आणि ढोलकीवाल्यानं इशारा दिला, आणि माझा हात आपोआप हळदीच्या तांब्यात गेला.

पाणी पडलं तसा चंपत उठला. डोळे चोळले. आम्ही मिठी मारली. लोकांनी असा गलका केला की पलीकडच्या शेडीतले रात्रपाळीचे झोपलेले बाहेर आले. मी घामानं निथळत, छाती फुगवून पाहत होतो, आणि तेवढ्यात तोकुजी उठून माझ्याकडे येताना दिसला. तो रडत होता आणि हसत होता. त्याचं ते मोडकं तोंड तसं उघडलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

"उठला," तो म्हणाला. "कवडूसान, उठला होता! मी विसरलो होतो. पूरा विसरलो होतो. एइकिची उठला होता."

त्याच वेळी सांगायचं होतं. पण लोक खांद्यावर हात मारत होते, आणि मला वाटलं, काय, उद्या विसरेल. सगळंच विसरतो.

सगळं विसरला. महिनाभरात खाण गेली, मनिला गेलं, आईचं नाव गेलं. कलकत्ता गेलं. पण दंडारीची ती दुपार काही केल्या जाईना. दर रविवारी मी सहाव्या राउंडाशी आलो आणि 'तो गेला' म्हटलं की तोकुजी बोट हलवून हसायचा. "मस्करी! सबने देखा. पाचशे आदमी." आणि मी, देवाशपथ, दोनदा सांगून पाहिलं आणि तिसऱ्यांदा सोडून दिलं. कारण तो सुखात होता हो. सकाळी ट्रकमध्ये गाणं म्हणायचा. रुक्माच्या घागरी भरून आणायचा. शेडीमागे एकटाच हात उचलून हवेत ठोसे मारायचा, आणि काय ते हात! जसे पाण्यातले मासे. शेडीतल्या बाया म्हणायच्या, जपान्याले बायको सापडली वाटते.

रुक्मा तेवढी त्यांच्यात नव्हती. एक दिवस तवा घासता घासता म्हणाली, "त्यानं तुमच्यापाशी ठेवाले देलं होतं."

"मंग?"

"तुमी मोडून परत देलं."

"आता खुश हाय ना थो?"

"खुश हाय," ती म्हणाली. "थो तोकुजी नाई. दुसराच कोनी हाय."

पौषात यंत्र बसून झालं. आणि तोकुजीनं जाहीर केलं की तो देशी जाणार. एइकिची वाट पाहत असेल. तीस वर्षं झाली, आपण गेलो नाही, केवढी चूक! ठेकेदारानं आनंदानं सोडलं, फिटर आता कामाचा राहिला नव्हता. कलकत्त्याच्या गोदीतल्या जुन्या सोबत्यांनी बोटीची सोय केली. हावड्याला त्यांचा माणूस उतरवून घ्यायला येणार होता.

तेव्हा पहिल्यांदा मी विचार केला. तो जाणार कुठे? त्या जळालेल्या गल्लीत? कोणाला विचारणार? आणि कोणी एखादा म्हातारा भेटलाच, ज्याला ते आठवतं, तर तो दारात उभं राहून काय सांगेल? तुझ्याच हातानं मेला की रे तो. परक्या तोंडून, एकट्याला, नव्यानं.

इथे निदान आम्ही होतो. निघायच्या सकाळी मी त्याच्या शेडीत गेलो. पेटी भरलेली. एइकिचीसाठी रुक्माकडून मागून घेतलेले तांदळाचे पापड वर ठेवलेले.

"तोकुजी, थो उठला नव्हता. थे दंडार होती. आमचा रिवाज होता थो."

"तू खोटा बोलते," तो हसला. "सब मनते."

मग काय करणार? शब्दांचं मोल मीच घालवून ठेवलेलं. मी त्याच्यापुढे उभा राहिलो. हात खाली सोडले. डोळे त्याच्यावरून काढून दूर कुठेतरी लावले, त्यानंच एइकिचीचे सांगितले होते तसे. उभा, पण आत नाही.

"मार," मी म्हटलं.

त्याचा डावा हात उठला. त्यानं उचलला नाही, तो उठला. मग उजवा. माझ्या कानशिलापासून एका बोटावर येऊन थांबला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं. जे तीस वर्षांत हळूहळू आत गेलं होतं ते एका क्षणात सगळं वर आलं. बावीस वर्षांचं पोरगं होतं ते, म्हातारं नव्हतं. मुरमाच्या जमिनीवर बसला आणि असा आवाज काढला की रुक्मा पिठाच्या हातांनी धावत आली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दुपारपर्यंत तो तसाच होता. गाडी निघून गेली. संध्याकाळी त्यानं पेटी उघडून सामान बाहेर काढलं, पाने मांडले आणि मला वाकून म्हणाला, "जसा हाय तसा. बरा केला."

मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेचा भोंगा झाला. दार उघडतो, तर तोकुजी धुतलेला शर्ट घालून उभा, पेटी भरलेली.

"कवडूसान, चाललो. एइकिची वाट पाहते."

रात्रीत सगळं पुसून गेलं होतं. फक्त ती दुपार उरली होती. माझी.

मी पुन्हा उभा राहिलो. पुन्हा हात खाली. पुन्हा तो हात माझ्या कानशिलाशी थांबला, आणि पुन्हा बावीस वर्षांचं ते तोंड. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज नवं. त्याला सवय व्हायचं काही साधनच नव्हतं. दर सकाळी मित्र जिवंत, दर सकाळी तो त्याच्या हातानं मरायचा. चौथ्या दिवशी रडून झाल्यावर त्यानं डोळे पुसत रुक्माला विचारलं, "बाई, काल पण सांगितला होता काय?"

"नाई," रुक्मा म्हणाली. "आजच."

मग बाहेर येऊन तिनं मला धरलं. "आता पुरे. रोज एका मानसाले किती खेपा मारता?"

"म्या वचन देलं त्याले. तुयाच गळ्याची शपथ हाय. जसं हाय तसं."

"माया गळ्याचं मी पाहून घेईन," ती म्हणाली. "उद्या त्याले गाडीत बसवून द्या."

"आन तिथं गेल्यावर?"

ती आत जाऊन दशम्यांचं पीठ चाळायला लागली.   मी फक्त एवढं सांगतो, की पाचव्या सकाळी तो दारात आला तेव्हा मला पुन्हा उभं राहायचं होतं आणि माझे पाय वळले. मी त्याची पेटी उचलली आणि डोक्यावर घेतली. भित्रेपणा म्हणा. दया म्हणा. त्या दिवशी मला दोन्हींतला फरक कळत नव्हता.

दुर्गच्या फलाटावर दुपारचं ऊन. रुक्मानं दशम्या बांधून दिल्या होत्या, त्या मी त्याच्या हातात दिल्या. हावड्याच्या गाडीला गर्दी होती, पण तोकुजी कसलेला गडी, दोन पहिलवानांमधून पाण्यासारखा निघून खिडकीशी जाऊन बसला. तिथून त्यानं मला पाहिलं. दोन्ही हात जोडून खिडकीतच इतका वाकला की कपाळ गजाला लागलं.

"कवडूसान. तू अच्छा ठेवला. जसा होता तसा ठेवला. मी तं पूरा हरवून टाकला होता."

 सगळ्या कॅम्पाला उकडलेली अंडी खाऊ घालणारा मी, फलाटावर नुसता उभा. मान हलवली. हो म्हणून हलवली.

गार्डानं शिटी मारली. तोकुजी इकडे-तिकडे पाहायला लागला. मग घाईनं गळ्यातला गमछा काढला आणि शेजारच्या बाकड्यावर पसरला, माणसाएवढी जागा धरून. माझ्याकडे वळून म्हणाला, "लवकर चढ. जागा ठेवली तुझी."

तो विसरला होता की मी फक्त पोचवायला आलोय.

"तोकुजी," मी म्हटलं, "मी..."

गाडीनं धक्का दिला. मी दोन-चार पावलं बरोबर चाललो. डब्यात एक जाडा माणूस पेटी घेऊन आला आणि गमछा उचलायला वाकला, तेव्हा तोकुजीनं आपला हात त्यावर आडवा ठेवला. खिडकी पुढे सरकली तरी मला त्याचा आवाज ऐकू आला, ठाम, आर्जवी, त्या गोदीतल्या हिंदीत:

"नहीं, भाई. आदमी आता है."